पटतंय रे, पण मीटर लावू या?

लंच टाइमला ऑफिसमधला मित्र कानाशी आला. ‘अरे, मॅग्नेटवर चालणारा जनरेटर! ना पेट्रोल, ना वीज. पन्नास हजार टाक, आपण पार्टनर!’ मोबाइलवरच्या व्हिडिओत पंखा गरगर फिरत होता. खरं सांगू? क्षणभर मीही विरघळलो.

मग आयर्लंडची स्टिऑर्न कंपनी आठवली. मॅग्नेटमधून फुकट ऊर्जा मिळते, असं म्हणत तिने २००६ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये चक्क जाहिरात दिली: शास्त्रज्ञांनो, या, तपासा! २००७ मध्ये लंडनला जाहीर प्रयोग ठरला आणि रद्द झाला. कारण? दिव्यांची उष्णता म्हणे! २००९ मध्ये तपासणाऱ्या तज्ज्ञांनी एकमताने सांगितलं, ऊर्जा तयार झाल्याचा पुरावा नाही.

म्हणून प्रत्येक नव्या कल्पनेला हसायचं का? मुळीच नाही! १९५४ मध्ये बेल लॅब्जचा सोलर सेल जेमतेम ६ टक्के उन्हाची वीज करायचा. आज गच्चीवरची चांगली पॅनेल्स २० टक्क्यांच्या पुढे गेलीत. फरक एवढाच, की ही वीज कुणालाही मोजता येते.

मी मित्राला म्हटलं, ‘पैसे देतो. पण मशीन आपल्या जागेत, मीटर आपला आणि बॅटरी काढून आठवडाभर चालवायचं.’ त्याने लगेच फोन लावला. उत्तर आलं, ‘सिक्रेट फुटेल!’

मित्र दोन दिवस रुसला. पन्नास हजार मात्र दोघांचेही बँकेत आहेत. अटी अजून खुल्या आहेत. मशीन चाललं, तर पार्टी माझ्याकडून!