मोंबेलियारची पाहुणी

लेक आठवीत होती तेव्हाची गोष्ट, 2012च्या सप्टेंबरमधली. शाळेतून कागद आला. फ्रेंच शिकणाऱ्या मुलांच्या घरी फ्रान्समधली मुलं आठवडाभर राहायला येणार, मग आपली मुलं त्यांच्याकडे जाणार. खाली सही करा. सही केली खरी, पण पोटात गोळा आला. आमचं मराठी घर, त्यातून शाकाहारी. बिचारीला जर्मन घर बघायला पाठवायचं आणि तिच्या वाट्याला वरणभात!

आम्ही राहतो लुडविग्सबुर्गला, श्टुटगार्टच्या शेजारी. (मुंबई आणि श्टुटगार्ट 1968पासून भगिनी शहरं आहेत, हे मला इथे आल्यावर कळलं. मुंबईत जन्म गेला, तेव्हा पत्ता नव्हता.) लुडविग्सबुर्गची मैत्री त्याहून जुनी आहे, फ्रान्समधल्या मोंबेलियार गावाशी, 1950पासूनची. बसनं चारेक तासांचं अंतर. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन आणि फ्रेंच गावांत जमलेली ही पहिलीच जोडी. युद्ध संपून अवघी पाच वर्षं झाली होती! ती जमवण्यात पुढाकार घेणारे मोंबेलियारचे महापौर लुसियाँ तारादँ स्वतः बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परतलेले. त्या माणसाला हे कसं सुचलं असेल, याचा मी अजून विचार करते.

तर पाहुणी आली. चौदा वर्षांची, अबोल. आल्याआल्या तिनं बॅगेतून आईनं दिलेली भेट काढली. गावचं प्रसिद्ध, धुरावलेलं सॉसेज. लेकीनं माझ्याकडे पाहिलं, मी लेकीकडे. तोंड भरून 'मेर्सी' म्हटलं आणि पाहुणी झोपल्यावर ते पुडकं घेऊन शेजारच्या ओमाचं दार वाजवलं. ओमा म्हणजे आजी. लेक म्हणते म्हणून मीही म्हणते.

ओमा तेव्हा सत्तरीच्या. एरवी अखंड बोलणाऱ्या. पुडक्यावरचं गावाचं नाव वाचून गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "बस. कॉफी टाकते." रात्री साडेनऊला ओमा कॉफी टाकतायत म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

त्यांचे वडील 1944च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये, नॉर्मंडीत मारले गेले. ओमा तेव्हा दोन वर्षांच्या. आईनं शिवणकाम करून वाढवलं. 1958 साली अशीच मोंबेलियारची मुलं यायची होती आणि सोळा वर्षांच्या ओमानं आईला न विचारता नाव देऊन टाकलं. आई संतापली. फ्रेंच पोर माझ्या टेबलावर बसणार नाही, म्हणाली. दोन दिवस मायलेकींत अबोला. तिसऱ्या दिवशी ओमा शाळेतून आल्या तर आई मुकाट्यानं जास्तीच्या गादीला स्वच्छ चादर घालत होती. मुलगी आली त्या दिवशी आईनं वाढलं, पण स्वतः स्वयंपाकघरात उभ्यानं जेवली. आठवडाभर उभ्यानंच.

"आणि ती मुलगी?"

"तिच्या वडिलांना आमच्या लोकांनी सक्तीनं कारखान्यात राबायला आणलं होतं. दोन वर्षं. मी तिच्या घरी गेले, तर माझं जर्मन ऐकलं की तिची आजी खोलीतून उठून जायची."

मी काही बोलू शकले नाही.

आपण शाळेत शिकलो तो इतिहास करार आणि तहांचा. इथेही ते आहेतच. 1870, 1914 आणि 1939, सत्तर वर्षांत तीन युद्धं लढलेले हे दोन शेजारी. 22 जानेवारी 1963 रोजी पॅरिसला एलिझे राजवाड्यात द गॉल आणि आडेनॉवर यांनी मैत्रीच्या करारावर सह्या केल्या. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम अगदी घरगुती आहे. दोन्ही देशांच्या प्रमुखांनी वर्षातून किमान दोनदा आणि परराष्ट्रमंत्र्यांनी दर तीन महिन्यांनी भेटायचंच. पटो न पटो. सासर-माहेरचे संबंधही सणावारी जाण्या-येण्यानंच टिकतात की! त्याच वर्षी युवकांच्या देवाणघेवाणीसाठी संयुक्त संस्था निघाली आणि तेव्हापासून नव्वद लाखांहून अधिक मुलंमुली तिच्या कार्यक्रमांतून एकमेकांच्या देशांत गेली. 2003पासून 22 जानेवारी हा दिवस शाळाशाळांत साजरा होतो. लेकीच्या शाळेत त्या दिवशी क्रोसाँवर उड्या पडायच्या. 2006मध्ये तर दोन्ही देशांतल्या उच्च माध्यमिक वर्गांसाठी इतिहासाचं एकच पुस्तक निघालं, अर्थात दोन भाषांत. इतिहासाचं! मला आपली पुस्तकं आणि शेजारच्या देशाची पुस्तकं आठवली. असो.

1984मध्ये व्हर्दुनच्या रणभूमीवर मितराँ आणि कोल हातात हात घालून उभे राहिले, तो फोटो जगभर छापला गेला. पण त्या नव्वद लाख मुलांच्या गाद्यांना चादरी कुणी घातल्या, त्यांचा फोटो कुठे नाही.

ओमाच्या आईकडे वळते. 9 सप्टेंबर 1962 रोजी द गॉल लुडविग्सबुर्गला आले. राजवाड्याच्या अंगणात त्यांनी जर्मन तरुणांसमोर भाषण केलं. जर्मनमधून, आणि कागद हातात न धरता. हा माणूस पहिल्या महायुद्धात जर्मनांचा युद्धकैदी होता. त्यानं या मुलांना सांगितलं की, एका महान राष्ट्राची मुलं म्हणून मी तुमचं अभिनंदन करतो. ओमा गर्दीत होत्या, आणि त्यांच्या शेजारी आई. घरी येताना आई एवढंच म्हणाली, "त्यानं आपल्या भाषेत पाठ केलं होतं."

दोन वर्षांनी आई म्हणाली, मला त्यांना बघायचंय. नॉर्मंडीत ला कांब इथे एकवीस हजारांवर जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे. 1961मध्ये ती लोकांसाठी खुली झाली होती. दोघींना फ्रेंच धड येत नव्हतं. ओमानं मैत्रिणीला पत्र लिहिलं आणि ती, सक्तीनं राबवलेल्या बापाची लेक, मोंबेलियारहून निघून त्यांच्यासोबत गेली. तिनं रस्ता विचारला, खोली ठरवली, फुलं घेतली. आई थडग्यापाशी बराच वेळ उभी होती. संध्याकाळी खाणावळीत आईनं खुर्ची ओढली आणि त्या मुलीला आपल्या शेजारी बसवलं.

"इतकंच," ओमा म्हणाल्या. "माफी वगैरे कुणी मागितली नाही."

आमच्या पाहुणीला वरणभात आवडला. तुपाला ती लोणी म्हणायची. लेक तिकडे गेली तेव्हा तिच्यासाठी आठवडाभर बटाट्याचे सतरा प्रकार झाले म्हणे.

2020च्या मार्चमध्ये कोरोनामुळे सीमेवर पुन्हा पहारे बसले. जर्मनीत येणाऱ्या काही फ्रेंच लोकांना सीमेजवळच्या गावांत शिव्याही खाव्या लागल्या. इकडे आमच्या राज्यातली इस्पितळं फ्रान्समधले अत्यवस्थ रुग्ण दाखल करून घेत होती, हेही तेव्हाचंच. ओमा रोज संध्याकाळी मैत्रिणीला फोन करायच्या. भिंतीतून मला ऐकू यायचं, अर्धं जर्मन, अर्धं फ्रेंच, आणि दोघीही एकदम बोलणाऱ्या.

जूनमध्ये पहारे उठले. जुलैत मैत्रीण मुलाच्या गाडीतून आली. हातात काठी आणि दोन पुडकी. एकात सॉसेज होतं. दुसरं माझ्या हातात देत ओमा म्हणाल्या, "हे तुला. चीज आहे. मी तिला सांगितलं होतं, सॉसेज तू माझ्याकडेच आणून देतेस म्हणून."