संगिनीआधीचा घोट

जेन ॲडम्स म्हटलं की शिकागोचं हल हाउस, स्थलांतरितांची सेवा आणि १९३१चं शांततेचं नोबेल, एवढं आठवतं. या संतपणाचा मला कंटाळा आहे. माझं कुतूहल वर्षानुवर्षं घोटाळत राहिलंय ते ९ जुलै १९१५ या दिवशी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी केलेल्या भाषणाभोवती. खरं तर त्यातल्या शेवटाकडच्या चार-दोन वाक्यांभोवती.

त्या नुकत्याच युरोपातून परतल्या होत्या. एप्रिलअखेरीस, ऐन महायुद्धात, हेगला शांततेची मागणी करायला बारा देशांतल्या अकराशेहून अधिक स्त्रिया जमल्या. अध्यक्षपदी ॲडम्स. उत्तर समुद्रातली वाहतूक बंद झाल्यामुळे ब्रिटिश प्रतिनिधी पोचल्या अवघ्या तीन. पुढे तिथले ठराव घेऊन ॲडम्स आणि डच डॉक्टर अलेटा जेकब्स एकेका राजधानीची दारं ठोठावत फिरल्या. व्हिएन्नात ऑस्ट्रियाचे पंतप्रधान स्टुर्क यांना ॲडम्स म्हणाल्या, आमचं हे फिरणं तुम्हाला वेडगळपणाचं वाटत असेल. यावर त्यांनी, दहा महिन्यांत या खोलीत ऐकलेली ही पहिलीच शहाणपणाची गोष्ट, असा निर्वाळा दिला. पुढच्याच वर्षी एका युद्धविरोधी समाजवाद्याने त्यांना गोळ्या घातल्या!

कार्नेगी हॉलमध्ये हे सगळं सांगून झाल्यावर ॲडम्स सैनिकांकडे वळल्या. संगिनी रोखून धावून जाणं तरुणांना इतकं नकोसं वाटतं, की त्याआधी इंग्रजांना रम, जर्मनांना ठरलेल्या नुसख्याचं उत्तेजक आणि फ्रेंचांना ॲबसिंथ द्यावी लागते, असं त्यांच्या कानी आलं होतं. चारच दिवसांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये युद्धवार्ताहर रिचर्ड हार्डिंग डेव्हिस यांचं जळजळीत पत्र आलं. देशासाठी मेलेला बाप दारूच्या नशेत मेला, असं ही बाई त्याच्या पोरांना सांगते, हा त्यांचा आरोप. डेव्हिस घरबशे टीकाकार नव्हते. १९१४मध्ये जर्मन फौजा ब्रसेल्समध्ये शिरताना त्यांनी पाहिल्या होत्या. पण उत्तर दिलं ते ॲडम्स न बोललेल्या गोष्टीला. सैनिक भित्रे आहेत असं त्या म्हणाल्याच नव्हत्या. धडधाकट माणसाला समोरच्याच्या पोटात पातं खुपसायचं तर आधी बधिर व्हावं लागतं, एवढंच त्यांचं म्हणणं. ब्रिटिश फौजेत रमचा शिधा तर अधिकृतच होता. तरी वर्तमानपत्रं तुटून पडली. काल देवी, आज मूर्ख म्हातारी.

ही वाक्यं गाळली असती तर शांततेच्या कामाचं भलं झालं असतं, असं म्हणता येईल. मला पटत नाही. ॲडम्स यांची रीतच ती. १८९५मध्ये शिकागोच्या एकोणिसाव्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्यावर त्या पहाटे उठून गाड्यांमागून फिरायच्या. एका अरुंद गल्लीत अठरा इंच घाणीखाली त्यांना फरसबंदी सापडली होती. सापडलं ते सांगायचं; कार्नेगी हॉलमध्येही त्यांनी तेच केलं.

अमेरिका युद्धात उतरली तेव्हाही त्या बधल्या नाहीत. १९१९मध्ये स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय शांतता लीगच्या अध्यक्ष झाल्या. १९२३मध्ये भारतात आल्या, तेव्हा गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते.

१९३१च्या नोबेलमध्ये त्यांचे वाटेकरी होते निकोलस मरे बटलर. १९१७मध्ये युद्धाला विरोध करणाऱ्या प्राध्यापकांना कोलंबिया विद्यापीठातून घालवणारे अध्यक्ष ते हेच. ॲडम्स यांनी आपल्या वाट्याची रक्कम लीगला देऊन टाकली.