मनगटाचे दुखणे आणि सायकलचे हँडल

मनालीहून लेहला सायकलने निघालेले हौशी प्रवासी बारालाचा ला ही सुमारे ४,८९० मीटर उंचीची खिंड चढताना दमतात, हे स्वाभाविकच होय. मनगटांची कसोटी मात्र पुढच्या उतारावर लागते. खडबडीत वाटेचे धक्के आणि शरीराचा भार एकाच वेळी तळहातांवर येतो आणि करंगळी व अनामिका हळूहळू बधिर होऊ लागतात. एका बाजूस दरी असताना हँडलवरची पकड सैल होणे ही केवळ गैरसोय नव्हे.

करंगळीकडे जाणारा अल्नर मज्जातंतू तळहाताच्या बुडाशी दाबला गेल्याने असे घडते. अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होत असेल, तर दाब मीडियन या दुसऱ्या मज्जातंतूवर असतो. मनगट मागे वाकलेले राहिले की त्रास वाढतो. दिवसभर संगणकाच्या कळफलकावर मनगट टेकवून बसणाऱ्या आम्हा बँकवाल्यांना ही अवस्था अपरिचित नाही!

अशा वेळी बहुतेकजण जाड हातमोजे विकत घेतात. माझ्या मते तो खर्च नंतरचा. आधी अ‍ॅलन की हाती घ्यावी. सायकलवर नेहमीच्या पवित्र्यात बसून बोटे ब्रेकच्या दांड्यावर ठेवावीत. कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा दिसली पाहिजे. मनगट वर वा खाली मोडत असेल, तर दांड्याचा स्क्रू सैल करून तो किंचित फिरवावा. दांडा आतल्या बाजूस इतका सरकवावा की तर्जनी त्याच्या टोकाशी सहज पोहोचेल. एका वेळी एकच बदल करून तासभर सायकल चालवून पाहावी, अन्यथा गुण कशाने आला हे कळत नाही.

हँडलची रुंदीही तपासावी. नव्या माउंटन बाइकची हँडले बहुधा ७४० ते ८०० मिलिमीटर रुंद असतात. अरुंद खांद्यांच्या व्यक्तीचे मनगट त्यावर बाहेरच्या बाजूस वळते. तथापि करवत चालवण्यापूर्वी मुठी व ब्रेक आत सरकवून अंदाज घ्यावा. कापलेले हँडल पुन्हा वाढत नाही.

दोष कधीकधी हँडलचा नसतोच. सीटचे टोक खाली झुकलेले असेल, तर स्वार सतत पुढे घसरतो आणि तो भार हातांनी पेलावा लागतो. सीट समतल करताच कित्येकांचे निम्मे दुखणे थांबते. एवढे करूनही बधिरपणा दुसऱ्या दिवशी कायम राहिला, किंवा बोटांतील जोर कमी वाटू लागला, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना हात दाखवावा.