जुन्या जीपला नवे एक्सल : दात मोजल्याशिवाय वेल्डिंग नको

नांदेडच्या देगलूर नाक्यापासून लातूरपर्यंत लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता धरला, तर जागोजागी गॅरेज, लेथ आणि वेल्डिंगची दुकाने दिसतात. या धंद्यात आपले अनेक बांधव पिढीजात आहेत. त्यांच्याकडे एक विचारणा येत असते. गिऱ्हाईक जुनी फोर-बाय-फोर महिंद्रा जीप किंवा पिकअप घेऊन येतो आणि म्हणतो, "उस्ताद, हिला बोलेरोचे एक्सल टाकून द्या."

मागणी खुळी नाही. पावसाळ्यात काळ्या रानातून तूर-सोयाबीन काढायचे असो की किनवट-माहूरच्या डोंगरी रस्त्याने माल न्यायचा असो, चारही चाकांना ओढ असलेली गाडी आजही उपयोगी पडते. पण जुन्या एक्सलची काही दुखणी आहेत. विलिसच्या घराण्यातील जुन्या जीपच्या मागच्या एक्सलला निमुळता शाफ्ट असतो. त्यावर हब चावीने बसवून नटाने आवळलेला असतो. नट सैल झाला की चावी कापली जाते आणि चाक मोकळे फिरू लागते. ब्रेकचे ड्रमही लहान. नंतरच्या एक्सलमध्ये शाफ्ट आणि फ्लँज एकाच तुकड्याचे असतात, ड्रम मोठे असतात, दोन चाकांतील अंतर जास्त असल्याने गाडी वळणावर कमी कलते, आणि सुटे भाग मिळणेही सोपे जाते.

(जाता जाता : ही जीप बनवणारी कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले.)

आता मुख्य मुद्दा. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, हे एक्सलचे प्रमाण. जुन्या सीजे-३बी जीपचे ४३ भागिले ८, म्हणजे ५.३८. नंतरच्या काही गाड्यांत ३९ भागिले ८, म्हणजे ४.८८, असे हलके प्रमाण आले. बोलेरोच्या मॉडेलांतही प्रमाण एकसारखे नाही, म्हणून भंगारवाल्याच्या तोंडी हवाल्यावर जाऊ नये. मोजणे अवघड नाही. हाऊसिंग स्टँडवर ठेवा, दोन्ही चाके एकदम बरोबर एक फेरा फिरवा आणि पिनियनचा फ्लँज किती फेरे घेतो ते खडूची खूण करून मोजा. एकच चाक फिरवत असाल आणि दुसरे पक्के धरले असेल, तर त्या चाकाचे दोन फेरे धरा. नाहीतर उत्तर निम्मे येईल.

भानगड होते ती इथे. गिऱ्हाईक पैसे वाचवायला फक्त मागचे एक्सल बदलून घेतो आणि पुढचे जुनेच ठेवतो. टू-व्हीलवर गाडी छान चालते, सगळे खुश. ज्या दिवशी फोर-बाय-फोरचा दांडा ओढला जातो, त्या दिवशी खरी परीक्षा. ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडते. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ असेल, तर दर १०० मीटरला पुढची चाके मागच्यांपेक्षा ९ मीटरहून अधिक मागे पडू पाहतात. चिखलात टायर घसरतो म्हणून निभावते. डांबरी रस्त्यावर मात्र टायर घसरायला जागा नसते. मग जॉइंट क्रॉस तरी तुटतो, नाहीतर ट्रान्सफर केसचे गिअर. म्हणून एक्सल बदलायचे तर पुढचे-मागचे जोडीनेच, दोन्हींचे प्रमाण तेच, चारही टायर एका मापाचे. त्याला तयार नसलेल्या गिऱ्हाईकाचे काम सोडून द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट बाजूची. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमधून दोन्ही शाफ्ट एका बाजूला सरकून निघतात, त्यामुळे हाऊसिंगचा फुगीर भागही मध्यावर नसतो. आणलेल्या एक्सलचा फुगीर भाग मध्यावर किंवा उलट्या बाजूला असेल, तर शाफ्ट तिरका जाईल. विकत घेण्यापूर्वीच टेप लावून पाहावे.

पाट्यांची बैठक सहसा जुळत नाही, ती कापून नव्याने बसवावी लागते. घाईत पूर्ण वेल्डिंग करू नका. आधी नुसते टाके मारा, गाडी चाकांवर उतरवा, नेहमीचा माल भरा आणि मग पिनियनचा कोन पाहा. कोन चुकला तर गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातो. पक्के वेल्डिंग करताना शाफ्ट व सील काढून ठेवा, थोडे या बाजूला, थोडे त्या बाजूला असे करा. एका दमात जाळले की हाऊसिंगची नळी वाकते.

ब्रेकही पाहावेच लागतात. मोठ्या ड्रमच्या सिलिंडरला जास्त तेल लागते, जुना मास्टर सिलिंडर पुरत नाही आणि पेडल खाली जाते. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. ट्रान्सफर केस तीच ठेवली तर तो चालू राहतो.

मीटरचे गिऱ्हाईकाला अगोदरच सांगून ठेवा. ते ट्रान्सफर केसवरून चालते. ५.३८ चे ४.८८ झाले की काटा ५० दाखवील तेव्हा गाडी ५५ वर असेल, आणि मीटरचे १०० किलोमीटर म्हणजे प्रत्यक्षात ११०. हे न सांगितल्यास "एव्हरेज घटला" म्हणून तोच माणूस महिन्याने भांडायला येतो. शिवाय हलक्या प्रमाणाने चढावर ओढ कमी होते. भरल्या गाडीने घाट चढणाऱ्याला ५.३८ च बरे.

कायद्याचे कलम विसरून चालणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली आहे. त्याच मापाचे, त्याच प्रमाणाचे एक्सल बसवणे ही दुरुस्ती. रुंदी, प्रमाण, ब्रेक बदलले की तो बदल. एमएच-२६ असो वा एमएच-२४, मालकाने आधी आरटीओ कार्यालयात विचारून लेखी उत्तर आणावे, मग गाडी रॅम्पवर घ्यावी. अपघात झाल्यास विमा कंपनीही हाच मुद्दा काढते.

राहिले भंगारातील खरेदीचे. पावती नसलेले एक्सल स्वस्त मिळते, पण ते चोरीच्या गाडीचे निघाले तर पोलीस प्रथम गॅरेजवालाच शोधतात. विकणाऱ्याचे नाव, पत्ता आणि हाऊसिंगवरचा नंबर पावतीवर घ्या. आपल्या बिलावर गाडीचा चॅसिस नंबर, पुढच्या-मागच्या क्राऊन-पिनियनचे दात आणि मालकाची सही, इतके तरी असू द्या. बिलाची दुसरी प्रत दुकानात ठेवा.