सापाच्या तोंडी काय लिहायचं?

आरोग्याच्या पानावर खेळाचं काय काम, असं काही वाचकांना वाटेल. पण वर्षावासात विहारात ग्रंथवाचन सुरू असतं तेव्हा मागे बसलेली मुलं चुळबुळ करतात, हे आपण सगळेच बघतो. त्यांच्या हाती एक काम द्या. सापशिडीचा पट त्यांनीच तयार करायचा आणि विषय आपल्या घरातला घ्यायचा: मुलींचं लवकर लग्न आणि अंगात रक्त कमी असणं.

हाच विषय का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 20 ते 24 वयाच्या स्त्रियांना लग्नाचं वय विचारलं. अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात सुमारे 22 टक्के निघाल्या. आपल्या परभणी जिल्ह्यात 48 टक्के. म्हणजे जवळपास दर दोघींत एक. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. या दोन आकड्यांची गाठ कुठे पडते, हे नर्सिंग केलेल्या आम्हा बायांना चांगलं ठाऊक आहे. ती बाळंतपणाच्या खोलीत पडते. पोर स्वतःच वाढीच्या वयात, रक्त आधीच कमी, त्यात गरोदरपण. बाळ कमी वजनाचं होतं आणि इतर बाईला झेपेल एवढा रक्तस्रावही तिच्या जिवावर बेततो.

यावर भाषणं खूप झाली. मुलं ऐकतात, टाळ्या वाजवतात, घरी जातात. पट करायला बसली की मात्र त्यांना ठरवावंच लागतं: सापाच्या तोंडी काय लिहायचं?

सेलूत आठवी-नववीच्या मुलामुलींसोबत आम्ही बसलो, तेव्हा पहिल्या सापाच्या तोंडी एकाने लिहिलं, "नशीब". शेजारच्या पोरीने विचारलं, "नशीब म्हणजे कोण रे?" उत्तर कोणालाच देता येईना. शब्द खोडला आणि मग खरी कारणं निघाली. ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोरगी कोणाच्या भरवशावर ठेवायची? पुढची शाळा लांब. पोरगी लहान असली की हुंडा कमी लागतो. शाळेच्या संडासात पाणी नाही, म्हणून पाळीत घरी राहायचं आणि हळूहळू शाळाच सुटायची. कारण सापडलं की उपाय सापडतो, ही बुद्धाची शिकवण आपण विहारात ऐकतो. इथे मुलांनी ती पुठ्ठ्यावर करून पाहिली. शिड्याही त्यांनीच काढल्या: ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह, मुलींचा एस.टी.चा मोफत पास, शिष्यवृत्ती.

शिकणाऱ्या मुलांनी समाजाचं दुखणं मांडणं आपल्याकडे नवं नाही. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांचे हाल त्या शाळकरी पोरीने त्यात लिहिले. दीडशे वर्षांनी, 2006 मध्ये, अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सुसाना रुईझ आणि तिच्या सोबत्यांनी 'दारफूर इज डाइंग' हा संगणकावरचा खेळ तयार केला. सुदानमधल्या दारफूर भागात लोकांना गावं सोडून छावण्यांत राहावं लागलं होतं. खेळणाऱ्याने त्यातल्या एका कुटुंबातलं कोणाला पाणी आणायला पाठवायचं ते ठरवायचं, आणि वाटेत बंदूकवाल्या टोळीपासून त्याला वाचवायचं. बातमीत वाचलेलं दुःख खेळताना स्वतःच्या निर्णयाचं होतं.

सापशिडीचा जुना अवतार म्हणजे मोक्षपट. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. त्यात शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. आज बाजारातल्या पटावर फक्त आकडे असतात आणि सगळं फाशावर चालतं. आपल्या पटात हे बदलायचं. पोरीचं लग्न फाशाने ठरलं, तर आपण पुन्हा नशीबच शिकवलं. म्हणून प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या द्यायच्या: 'बाईंना सांगितलं', '1098 ला फोन केला', 'आजीला समजावलं'. साप आला की चिठ्ठी टाकून तो अडवायचा. पण त्या वेळी नेमकं काय बोलणार, ते सगळ्यांसमोर बोलून दाखवायचं. नाही बोललं, तर खाली.

रक्तवाढीची घरंही पटावर हवीत. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घेतली, तर शिडी. मळमळते म्हणून फेकली, तर साप. गोळीने शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. जेवणात लिंबू असावं. जंताची गोळी वर्षातून दोनदा. बारा वर्षांपुढच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल, तर सरकारी दवाखाना गाठायचा.

दोन गोष्टी सांभाळा. वस्तीतल्या कुठल्याही पोरीचं नाव किंवा ओळखू येईल अशी हकिगत पटावर येऊ द्यायची नाही. आणि सापाच्या तोंडी आजारी माणूस किंवा पोरगी कधीच नसावी, तिथे कारणच हवं. 'पोरगी हट्टी' असं कोणी लिहिलं, तर थांबून विचारा, ती कशासाठी हट्ट करते?

खर्च जवळजवळ नाही. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजू, स्केचपेन, फाशाऐवजी फोडलेले चिंचोके, सोंगट्यांना बांगडीचे तुकडे. पट झाला की आधी मुलांनी आपसात खेळावा, मग आई-वडिलांना खेळायला बसवावं. वडिलांची सोंगटी 'हुंडा कमी' या सापावर आली, की पोरगी समोर बसून विचारते, "आता काय करणार, पप्पा?" घरात एरवी ज्या गोष्टीवर पोरीला तोंड उघडता येत नाही, ती तिथे बोलली जाते.

कायद्याने मुलीचं वय 18 आणि मुलाचं 21 पूर्ण हवं. बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 1098 हा नंबर फुकट आहे आणि रात्रीही लागतो. पटाच्या चारही कोपऱ्यांत तो मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे खेळता खेळता पाठ होईल.