रॉकेटचा घसारा

हिशेबाच्या तासाला सरांनी ‘घसारा’ शिकवला, तेव्हा शेजारी बसलेल्या माझ्या कन्नड मित्राने आपल्या वहीत ‘सवकळी’ असे लिहिले. दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच कल्पना आहे, झिजण्याची. यंत्र वापरले की झिजते, म्हणून दरवर्षी वहीत त्याची किंमत थोडी कमी दाखवायची. हे मला लगेच पटले. पण त्याच पानावर आणखी एक कारण होते, कालबाह्यता. धडधाकट यंत्र न झिजताच मागे कसे पडते, हे काही केल्या उमगेना. पुढे ग्रंथालयात आगगाडीच्या इतिहासावरचे एक पुस्तक हाती आले आणि उलगडा झाला. त्यातल्या ‘रॉकेट’ नावाच्या इंजिनाची ही हकीकत.

इंग्लंडात लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग १८२९ साली पुरा होत आला होता; पण त्यावर गाड्या ओढायच्या कशाने, याबद्दल संचालकांचे एकमत नव्हते. वाटेत ठिकठिकाणी स्थिर इंजिने बसवून दोरखंडाने गाड्या ओढाव्यात, असे काहींना वाटे. शेवटी त्यांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले आणि ऑक्टोबर महिन्यात रेनहिल येथे धावत्या इंजिनांची चाचणी ठेवली. न्यूकॅसलच्या रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्यातले ‘रॉकेट’ तीत उतरले. इतर इंजिने मध्येच नादुरुस्त झाली. रॉकेटने मात्र त्या लहानशा मार्गावर ये-जा करीत सुमारे ७० मैलांची मजल मारली आणि ताशी २९ मैलांच्या आसपास वेग गाठून दाखवला.

हे त्याला साधले कसे? आपल्याकडचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवा. मधोमध एक नळा, त्यात जळण आणि भोवती पाणी. तोवरच्या बऱ्याच इंजिनांचे बॉयलर याच जातीचे होते. नळ्याच्या भिंतीला लागेल तेवढीच आच पाण्याला मिळे, बाकीची धुरांड्यातून वाया जाई. रॉकेटमध्ये एका मोठ्या नळ्याऐवजी ३ इंच व्यासाच्या व सुमारे ६ फूट लांबीच्या तांब्याच्या २५ नळ्या घातल्या होत्या. मी कागदावर हिशेब करून पाहिला. तेवढ्याच पोकळीचा एकच नळा घेतला तर तो १५ इंच व्यासाचा होईल आणि त्याची भिंत भरेल सुमारे २४ चौरस फूट. २५ नळ्यांची मिळून भरते ११८. म्हणजे पाण्याला भिडणारी भिंत पाचपट! शिवाय सिलिंडरातून सुटलेली वाफ धुरांड्यात सोडलेली असे. ती वर जाताना नळ्यांतून हवा ओढून घेई आणि विस्तव फुलवी. बंबाला फुंकणी लागते. इथे इंजिन जितके जोरात धावेल तितकी फुंकर आपोआप वाढे.

आपल्या वाणिज्य शाखेने अभिमान बाळगावा अशी एक गोष्ट यात आहे. पुष्कळ नळ्यांची ही सूचना हेन्री बूथ यांची. ते इंजिनियर नव्हते. मूळचे धान्याचे व्यापारी, आणि त्या वेळी रेल्वे कंपनीचे खजिनदार!

१५ सप्टेंबर १८३० रोजी मार्गाचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी लिव्हरपूलचे खासदार विल्यम हस्किसन रॉकेटखाली सापडले आणि रात्री मरण पावले. रॉकेटचे नाव असे दोन्ही कारणांनी सर्वतोमुखी झाले. पण पुढच्याच महिन्यात त्याच कारखान्याचे ‘प्लॅनेट’ हे इंजिन मार्गावर आले. रॉकेटचे सिलिंडर मागच्या बाजूला तिरपे बसवलेले, त्यामुळे वेगात ते हेलकावे खाई. प्लॅनेटचे सिलिंडर पुढे, आतल्या बाजूला व आडवे होते. ते अधिक स्थिर चाले आणि अधिक ओझे ओढी. रॉकेटचेही सिलिंडर पुढे खाली उतरवले गेले, पण मुळात ते लहान इंजिन. १८३४ साली ८० पौंड खर्चून त्याच्यावर फिरत्या यंत्राचा एक नवा प्रयोग झाला. तो इतका फसला की रिकामे डबेदेखील ओढवेनात.

आता वही उघडू. रॉकेटची मूळ किंमत ५५० पौंड. १८३६ साली ते ३०० पौंडांना विकले गेले. दुरुस्तीचा खर्च बाजूला ठेवला तर सात वर्षांत २५० पौंडांची घट, म्हणजे वर्षाला सुमारे ३६ पौंड घसारा. वहीत ही उतरण जिन्याच्या पायऱ्यांसारखी सरळ दिसते. खरे पाहता पहिल्या क्रमांकाची जागा त्याने वर्षभरातच गमावली होती, आणि तीही झिजेमुळे नव्हे. ‘घसारा’ आणि ‘सवकळी’, दोन्ही शब्द झीज सांगतात. मागून येऊन पुढे गेलेल्या प्लॅनेटबद्दल दोन्ही गप्प आहेत.

माझे बाबा एका कारखान्यात लेथवर काम करतात. गेल्या वर्षी तिथे संगणकावर चालणारे नवे यंत्र आले. बाबांचा लेथ कोपऱ्यात गेला आणि त्याच्याबरोबर बाबाही. आता त्यांच्याकडे किरकोळ डागडुजी तेवढी येते. “माप अजून चुकत नाही रे त्याचं,” असे ते जेवताना एकदा म्हणाले. एरवी ते कारखान्याचे काही बोलत नाहीत.

त्या रात्री मी त्यांना रॉकेटची गोष्ट सांगितली. शेवटी त्यांनी विचारले, “मग विकल्यावर काय झालं त्याचं?”

मी सांगितले, “उत्तरेकडे ब्रॅम्प्टनजवळ लॉर्ड कार्लाइल यांचा कोळशाच्या खाणीचा मार्ग होता. तिथे ते १८४० च्या सुमारापर्यंत राबलं. १८६२ साली लंडनच्या संग्रहालयात गेलं. अजून जपून ठेवलंय.”

“संग्रहालयाचं राहू दे,” बाबा म्हणाले. “खाणीवर चार वर्षं काम केलं ना? मग विकलं तेव्हा ते भंगार नव्हतं.”

परीक्षेत घसाऱ्याची दोन्ही कारणे मी लिहीनच. बाबांचे हे वाक्य लिहायला उत्तरपत्रिकेत जागा नाही, म्हणून ते इथे लिहिले.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष