कुंभकोणमचे माधवराव : मतदारसंघावाचून मंत्री

लोकनियुक्त राज्यपद्धतीत मंत्रिपदाची वाट पुष्कळदा गावच्या नगरपालिकेतून जाते. स्कॉटलंडमधील टॉम जॉन्स्टन हे प्रथम कर्किंटिलोख या लहानशा नगराच्या परिषदेवर निवडून आले. पुढे ते संसदेत गेले आणि १९४१ ते १९४५ या काळात ब्रिटिश मंत्रिमंडळात स्कॉटलंडचा कारभार त्यांनी सांभाळला. एकोणिसाव्या शतकातील हिंदी संस्थानांत अशी शिडीच नव्हती. तेथे मंत्री निवडला जात नसे, नेमला जाई. मतदार नसलेल्या मंत्र्याला अधिकार कोठून प्राप्त होतो आणि तो कितपत टिकतो, या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता सर टी. माधवराव यांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

माधवरावांचा जन्म २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम येथे एका देशस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. व्यंकोजींच्या काळापासून तंजावर प्रांतात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचे भाषिक जीवन विलक्षण होते. घरात मराठी, बाजारात तमिळ, विद्याव्यासंगात संस्कृत आणि दप्तरात मोडी, अशी त्यांची नित्याची व्यवस्था होती. तंजावरच्या राजांनी मराठी नाटके रचली. पण त्या दरबाराने मराठीला दिलेले दुसरे, तितकेच टिकाऊ रूप म्हणजे हिशेबाची व महसुलाची भाषा. १८५५ मध्ये तंजावरचे राज्य संपुष्टात आले, तरी दप्तर जाणणारा हा वर्ग नाहीसा झाला नाही. त्याने इंग्रजीची भर घातली आणि दक्षिणेतील संस्थानांना कारभारी पुरविले. माधवरावांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. तेव्हा माधवरावांनी आरंभ शून्यातून केला असे म्हणणे यथार्थ होणार नाही. कुळाने त्यांना वाट दाखविली. चालावे मात्र त्यांनाच लागले.

मद्रासच्या हायस्कुलात एअर बर्टन पॉवेल यांच्या हाताखाली त्यांनी गणिताचा उत्तम अभ्यास केला. १८४८ मध्ये ते मद्रासच्या महालेखापालाच्या कचेरीत नोकरीस लागले. दुसऱ्याच वर्षी त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथून ते महसूल खात्यात आले, दिवाण पेशकार झाले आणि १८५७ मध्ये दिवाण कृष्णराव यांच्या निधनानंतर अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांच्याकडे दिवाणपदाचा कार्यभार आला. पुढल्या वर्षी ते त्या पदावर कायम झाले.

त्या वेळी संस्थानचा खजिना रिता होता. माधवरावांनी मिरी व तंबाखू यांचे सरकारी मक्ते मोडले. १८६५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान व कोचीन यांच्याशी करार होऊन आपसांतील जकातीचे अडथळे दूर झाले. त्याच वर्षीच्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना मालकीचा हक्क मिळाला, तर १८६७ च्या जाहीरनाम्याने खाजगी जमीनदारांच्या कुळांना मनमानी निष्कासनापासून संरक्षण दिले. हेन्री फॉसेट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने त्यांना ‘हिंदुस्थानचा टुर्गो’ म्हटले. ही उपमा वाटते त्याहून अधिक समर्पक आहे. कारण फ्रान्सचा तो सुधारक मंत्रीही राजाच्या मर्जीनेच आला होता आणि १७७६ मध्ये ती मर्जी सरताच गेला होता. माधवरावांचेही तसेच झाले. जे महाराज आयिल्यम तिरुनाळ एकेकाळी त्यांचे शिष्य होते, त्यांच्याशीच बेबनाव होऊन १८७२ मध्ये त्यांना त्रावणकोर सोडावे लागले.

इंदूरमध्ये काही काळ दिवाणगिरी केल्यावर १८७५ मध्ये ते बडोद्यास आले. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले होते आणि गादीवर बारा वर्षांचे सयाजीराव होते. येथे राजघराणे मराठी आणि प्रजा मुख्यत्वे गुजराती. महसूल, न्याय व पोलीस यांची घडी बसवीत असतानाच माधवरावांनी अल्पवयीन राजाला राज्यधर्मावर व्याख्याने दिली. ती १८८१ मध्ये ‘मायनर हिंट्स’ या नावाने इंग्रजीत छापली गेली. राजाचा खाजगी खर्च आणि प्रजेचा पैसा यांत भेद असावा, राजाज्ञेला नियमांची चौकट असावी, प्रजेचे सुख हेच राज्याचे प्रयोजन असावे, असा त्यांचा एकंदर रोख आहे.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबणे इष्ट आहे. मराठी दिवाण मराठी राजाला उपदेश करतो आणि तो इंग्रजीत करतो, ही गोष्ट केवळ फॅशनची नव्हे. राजनीतीची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ मराठीतच आहे. तथापि त्या परंपरेत राजाच्या शहाणपणावर भिस्त असते. माधवरावांना, मर्जीचे चटके सोसून, राजाच्या शहाणपणाहून भक्कम असे काही हवे होते : लिखित नियम आणि अंदाजपत्रक. ही परिभाषा त्यांनी इंग्रजीत आत्मसात केली होती. जे संरक्षण दुसऱ्या मंत्र्याला मतदार देतो, ते ते नियमांकडून मागत होते.

नियमांनी राजाला आवर घालता येतो. परंतु प्रजेचा आवाज त्यांतून आपोआप उमटत नाही. १८५९ मध्ये त्रावणकोरात चाण्णार स्त्रियांना ऊर्ध्ववस्त्राची मोकळीक मिळाली ती दीर्घ संघर्षानंतर. आणि तीही उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे वस्त्र न नेसण्याच्या अटीवर. माधवराव तेव्हा दिवाण होते. कुशल कारभाराला प्रजेच्या मागणीची जाण प्रजेनेच करून द्यावी लागली.

१८८२ मध्ये बडोदे सोडून ते मद्रासला स्थायिक झाले. १८८७ मध्ये तेथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनात ते स्वागत समितीचे अध्यक्ष होते. नेमलेल्या मंत्र्यांच्या पिढीने प्रतिनिधित्व मागणाऱ्या पिढीचे केलेले ते स्वागत होते. ४ एप्रिल १८९१ रोजी माधवराव निवर्तले. त्याच वर्षाच्या आरंभी त्रावणकोरातील दहा हजारांहून अधिक लोकांनी महाराजांना एक अर्ज सादर केला होता. ‘मलयाळी मेमोरियल’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. संस्थानच्या नोकऱ्यांत परप्रांतीय ब्राह्मणांचे प्राबल्य का, असा त्याचा सवाल होता. माधवरावांच्या कर्तृत्वाने तो निरुत्तर होत नाही. अनेक भाषांच्या बळावर कोठेही कारभार करू शकणारा मंत्री कोणत्याही एका भाषेच्या लोकांचा प्रतिनिधी नव्हता. हेच त्यांचे सामर्थ्य होते आणि हीच त्यांची मर्यादा.